कागदी लिंबावरील कोळशी, कीड व पानांचे रोग : आधी ओळख, मग उपाय



आपल्या जिल्ह्यातील शाळांना भेटी देताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. शाळा दोन वर्गांची असो वा सात वर्गांची, हात धुण्याच्या जागेजवळ कागदी लिंबाचे एखादे झाड बहुधा उभे असते. सांडपाण्यावर ते वाढते, त्याला फारशी निगा लागत नाही, आणि शालेय पोषण आहाराच्या वरणभातावर पिळावयास त्याची फळे उपयोगी पडतात. विद्यार्थ्यांच्या घरीही परसात असे एखादे झाड असते. वरूड, मोर्शी या भागांत तर संत्र्याच्या बागाच आहेत. तेव्हा लिंबूवर्गातील झाडाचे पान हे आपल्या मुलांच्या रोजच्या ओळखीचे पान आहे.

अशा झाडावर कीड अथवा रोग दिसला म्हणजे मात्र आपल्या हातून घाई होते. कोणी झाडावर कुऱ्हाड चालवितो, तर कोणी कपाशीवर मारून उरलेले औषध शेतातून आणतो व शाळेच्या झाडावर मारतो. दोहोंच्या मुळाशी एकच दोष असतो : पानाकडे नीट पाहिलेले नसते. पान कसे पाहावे, त्यावर काय आहे हे कसे ओळखावे, आणि मुलांच्या वावराच्या जागी कोणता उपाय करावा व कोणता कदापि करू नये, एवढेच सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

एका चुकीची कबुली

दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे योग्य होईल. शिक्षक म्हणून मी प्रथम ज्या शाळेत रुजू झालो, तेथे हातपंपाजवळ लिंबाचे एक भरदार झाड होते. एका हिवाळ्यात त्याची पाने काळी पडू लागली. महिनाभरात सगळे झाड जणू काजळी फासल्यासारखे दिसू लागले. फळांवरही काळा थर आला. झाडाला मोठा रोग लागला आहे, तो पोरांना बाधेल, असे गावात बोलले जाऊ लागले. मी अध्यापन पदविका उत्तीर्ण झालेला शिक्षक होतो; वनस्पतीच्या पानाची आकृती फळ्यावर उत्तम काढीत होतो. परंतु त्या झाडाचे एकही पान मी तोडून, उलटून पाहिले नाही. मी झाड तोडविले. ज्या मुलींनी तीन उन्हाळे त्या झाडाला पाणी घातले होते, त्या व्हरांड्यात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी काही विचारले नाही, आणि मीही काही सांगितले नाही.

पुढे काही वर्षांनी वरूडकडील एका संत्राबागेत जाण्याचा योग आला. तेथेही पाने तशीच काळी होती. बागवानाला मी म्हटले, “भाऊ, ही झाडे तर गेलीच म्हणायची.” त्या वृद्ध गृहस्थाने एक पान तोडले, अंगठा किंचित ओला केला आणि पानावरून फिरविला. काळा थर निघून आला. खाली पान हिरवेगार होते. तो म्हणाला, “गुरुजी, हे पान मेलं नाही, नुसतं मयलं हाये.”

पान मेले नव्हते, मळले होते. हे समजण्यास एक अंगठा पुरेसा होता. माझ्या शाळेतील झाड या एका अंगठ्यावाचून गेले.

पान पाहण्याची रीत

म्हणून प्रथम पाहण्याची रीत सांगतो. झाडाच्या चारी बाजूंची, कोवळी व जून अशी दहा-बारा पाने घ्यावीत, आणि प्रत्येक पानाला पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : पानावरील खूण ओल्या फडक्याने पुसली जाते काय? पुसली जात असेल तर ती पानाच्या पृष्ठावर बसलेली वस्तू आहे. पुसली जात नसेल तर बिघाड पानाच्या आत आहे.

दुसरा प्रश्न : पानाच्या खालच्या बाजूस काय आहे? आपण पान वरून पाहतो, पण रस शोषणारी कीड बहुधा खाली असते. तिला तेथे ऊन लागत नाही व पावसाचा मारही बसत नाही.

तिसरा प्रश्न : पान खाल्लेले आहे, पोखरलेले आहे, की शोषलेले आहे? कडा कुरतडलेल्या असतील तर ते चावून खाणाऱ्या अळीचे काम आहे. पापुद्र्याच्या आत वाट काढलेली असेल तर ते पोखरणाऱ्या अळीचे. पान चिकट, आकसलेले वा मुरडलेले असेल तर रस शोषणाऱ्या किडीचा संशय घ्यावा.

चौथा प्रश्न : खोडावर मुंग्यांची रांग आहे काय? हा प्रश्न वरवर असंबद्ध वाटेल, परंतु तो फार उपयोगाचा आहे. त्याचे कारण पुढे येईल.

वर्गात एखादे साधे भिंग असल्यास उत्तम. नसल्यास मुलांचे डोळे पुरतात. ते आपल्या डोळ्यांपेक्षा बरेच तीक्ष्ण असतात.

कोळशी : बुरशी दिसते, गुन्हेगार दुसराच असतो

काळ्या थराला आपल्याकडे कोळशी म्हणतात. ही एक बुरशी आहे, हे खरे. परंतु ती पानाच्या आत शिरत नाही आणि पानातून अन्नही घेत नाही. मग ती कशावर जगते? पानावर सांडलेल्या गोड चिकट द्रवावर. हा द्रव पानावर टाकणारे कीटक निराळेच असतात. काळी माशी, मावा, पिठ्या ढेकूण, सायला, खवले कीड हे सारे पानात वा कोवळ्या फांदीत आपली सूक्ष्म सोंड खुपसून झाडाचा रस पितात. या रसात साखर विपुल व प्रथिनांचे घटक अल्प असतात. आपल्या वाढीस पुरेसे घटक मिळावेत म्हणून कीटकाला पुष्कळ रस प्यावा लागतो, आणि त्यातील अधिक झालेली साखर तो शरीराबाहेर टाकतो. ती खालच्या पानांवर पडते. तिच्यावर हवेतील बुरशीचे बीजाणू रुजतात व काळा थर चढतो.

आपल्या भागात कोळशीच्या मुळाशी बहुधा काळी माशी असते. नवी पालवी फुटली म्हणजे तिची मादी पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते, आणि ती चक्राकार ओळीत मांडलेली असतात. ही मांडणी मुलांना अवश्य दाखवावी. अंड्यांतून निघालेली पिल्ले थोडा वेळ हिंडतात, मग एका जागी बसून रस शोषू लागतात. मोठी झाल्यावर ती काळ्या चकचकीत ठिपक्यांसारखी दिसतात व त्यांच्या कडेला पांढरी मेणचट झालर असते. आंबिया, मृग व हस्त या तिन्ही बहारांच्या पालवीवर तिचा उपद्रव होऊ शकतो.

कोळशीने पान प्रत्यक्ष मरत नसले तरी तिची उपेक्षा करू नये. काळ्या थरामुळे पानाला सूर्यप्रकाश मिळत नाही, प्रकाशसंश्लेषण मंदावते, आणि एकीकडे कीड रस शोषतच असते. असे झाड हळूहळू खंगते, फुलोरा कमी येतो, फळे लहान राहतात.

आता उपायाची दिशा आपोआप स्पष्ट होते. कोळशी दिसली म्हणून बुरशीनाशक मारणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून ओली जमीन पुसत बसण्यासारखे आहे. कीड हटविली की गोड द्रव बंद होतो. द्रव बंद झाला की नवी कोळशी धरत नाही. जुनी वाळून, पावसाने धुऊन निघते. लहान झाड असल्यास पाने ओल्या फडक्याने पुसावीत. मोठे असल्यास तांदळाच्या वा मैद्याच्या पातळ खळीचा फवारा द्यावा. खळ वाळली म्हणजे तिचे पापुद्रे सुटतात व त्यांबरोबर कोळशीही निघते.

आता मुंग्यांविषयी. हा गोड द्रव मुंग्यांना फार प्रिय असतो. तो मिळत राहावा म्हणून मुंग्या मावा व पिठ्या ढेकूण यांची जणू राखण करतात, आणि त्यांना खावयास आलेल्या कीटकांना हुसकावून लावतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर कोठेतरी रस शोषणारी कीड आहे असे समजावे. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात आणि खोडाभोवती कापडाची पट्टी बांधून तिच्यावर एरंडेलासारखे चिकट तेल लावावे. मुंग्यांची वर जाण्याची वाट तुटली की किडीचे शत्रू आपले काम करू शकतात.

पाने खाणारी अळी व नागअळी

लिंबाच्या कोवळ्या पानावर कधी कधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट व पांढऱ्या डागांची अळी दिसते. ही लिंबावरील फुलपाखराची बाल्यावस्था होय. विष्ठेसारख्या रूपामुळे पक्षी तिला टिपत नाहीत. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते, आणि तिला डिवचले असता डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. मोठ्या झाडाला दहा-वीस अळ्यांनी काही होत नाही. परंतु रोपाची सारी पाने त्या दोन दिवसांत फस्त करू शकतात. उपाय सोपा आहे : सकाळी हाताने वेचाव्यात. यासाठी कोणतेही औषध लागत नाही.

वेचलेल्या अळ्या चिरडण्याची मुलांना सवय लावू नये. दोन-तीन अळ्या जाळीचे झाकण लावलेल्या बरणीत लिंबाच्या ताज्या पानांसह ठेवाव्यात. अंडे, अळी, कोश व फुलपाखरू या चार अवस्थांचा धडा पुस्तकातून चार वेळा वाचून जेवढा समजत नाही, तेवढा या बरणीतून महिन्याभरात समजतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या ब्ल्यू मॉरमॉन या फुलपाखराची अळीही लिंबूवर्गातील झाडांची पाने खाते, हेही मुलांना सांगावे. एका बाजूने जी कीड आहे, तीच दुसऱ्या बाजूने राज्याचे भूषण आहे. सृष्टीकडे पाहताना केवळ शत्रू-मित्र असे दोन कप्पे पुरत नाहीत.

नागअळीची खूण निराळी आहे. कोवळ्या पानाच्या पापुद्र्याखाली ती वाट काढीत जाते, आणि ती वाट चांदीच्या वळणावळणाच्या रेघेसारखी चमकते. पान मुरडते. मोठ्या झाडाला याचा धक्का फारसा बसत नाही, पण रोपांची वाढ खुंटते. शिवाय तिने फोडलेल्या पापुद्र्यातून खैऱ्या रोगाचे जंतू सहज आत शिरतात. रोपावरील थोडी पाने असतील तर ती खुडून नष्ट करावीत, आणि पालवी कोवळी असतानाच निंबोळी अर्क फवारावा. पान जून झाल्यावर फवारणी करण्यात अर्थ नसतो.

खैऱ्या, शेंडेमर व डिंक्या

पानावर तपकिरी, उंचवट्याचे, बोटाला खरखरीत लागणारे ठिपके व त्यांभोवती पिवळे वलय दिसले तर तो खैऱ्या रोग होय. फळांवर व काटेरी फांद्यांवरही असे खवले येतात. पुष्कळ लोक यास बुरशी समजतात. वस्तुतः हा जिवाणूंपासून होणारा रोग आहे. कागदी लिंबाला तो विशेषकरून होतो. पावसाचे थेंब व वारा यांनी तो पसरतो, म्हणून पावसाळा हा त्याचा काळ. खैऱ्या झालेले फळ दिसावयास वाईट असते, परंतु ते खाणाऱ्याला त्या रोगाची बाधा होत नाही.

फांद्या शेंड्याकडून खाली वाळत येऊ लागल्या तर त्यास शेंडेमर म्हणतात. त्यात बुरशीचा हात असतो. परंतु झाड अगोदरच पाण्याच्या वा खताच्या अभावाने अशक्त झालेले असेल तर ती अधिक जोर करते. बुंध्याची साल चिरून डिंक वाहू लागला तर तो डिंक्या. हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव साचलेल्या पाण्यातून बुंध्यात शिरतो. शाळेतील झाडे हातपंपाच्या ओलीजवळ असल्याने त्यांना डिंक्याची भीती अधिक. त्यावर पहिला उपाय औषधाचा नसून कुदळीचा आहे. बुंध्याभोवती मातीची उंच भर घालावी व तिच्या बाहेर पाण्याचे आळे करावे, म्हणजे मुळांना पाणी मिळेल, पण बुंध्याला स्पर्श होणार नाही.

पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर तो बहुधा रोगही नव्हे व कीडही नव्हे. ती जस्त, लोह अशा अन्नद्रव्यांची उणीव असते. चुनखडीच्या जमिनीत ती पुष्कळदा आढळते. तेथे कीटकनाशक मारणे सर्वथा व्यर्थ होय. कुजलेले शेणखत देऊन कृषी सहायकाचा सल्ला घ्यावा.

खैऱ्या व शेंडेमर यांवर प्रथम रोगट फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटून जाळाव्यात. त्यानंतर बोर्डो मिश्रण फवारावे. ज्या फ्रान्समधील बोर्डो प्रांताचे नाव या मिश्रणास मिळाले, तेथे द्राक्षे चोरीस जाऊ नयेत म्हणून वाटेकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत असत. त्या वेलींवर केवडा रोग नाही, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले, आणि १८८५ साली हा उपाय प्रसिद्ध केला. हजारो लोक त्या वाटेने गेले असतील; पानाकडे थांबून पाहणारा एक निघाला.

एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद प्लॅस्टिकच्या वा मातीच्या भांड्यात ५ लिटर पाण्यात विरघळवावा. दुसऱ्या भांड्यात १०० ग्रॅम कळीचा चुना विरवून ५ लिटर पाणी करावे. मग दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतीत ढवळावीत. धातूचे भांडे वापरू नये. तयार मिश्रणात लोखंडाचा स्वच्छ खिळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे. आणखी चुन्याची निवळी घालावी, नाहीतर पाने करपतील. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. डिंक्यासाठी रोगट साल खरडून १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो मलम बुंध्याला लावावे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे दोनदा ते सुमारे एक मीटर उंचीपर्यंत लावण्याची रीत आहे. हे काम सुटीच्या दिवशी प्रौढ माणसानेच करावे. मोरचूद हेही विषच आहे. खिळ्याची परीक्षा मात्र मुलांना दुरून दाखवावी. रसायनशास्त्राचा तो एक उत्तम पाठ आहे. फवारल्यावर पंधरवडाभर फळे तोडू नयेत, व पुढे तोडलेली फळे धुऊनच वापरावीत. खैऱ्यावर काही ठिकाणी प्रतिजैविक औषधेही फवारतात. शाळेच्या झाडावर ती फवारू नयेत.

शाळेला योग्य औषध

रस शोषणाऱ्या किडीसाठी व नागअळीसाठी शाळेत दोनच औषधे असावीत. पहिले साबणाचे पाणी : १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम साधा कपडे धुण्याचा साबण किसून विरघळवावा व पानांच्या खालच्या बाजूवर फवारावा. धुण्याची पूड वापरू नये. प्रथम एका फांदीवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. पाने करपली नाहीत तरच सर्व झाडावर फवारावे.

दुसरे निंबोळी अर्क. आपल्याकडे शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, त्या सुमारास कडूनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा असतो. मुलांनी त्या वेचाव्यात, गर काढून बिया सावलीत वाळवाव्यात. फवारणीच्या आदल्या सायंकाळी ५०० ग्रॅम बियांची भरड फडक्यात बांधून पाण्यात भिजत ठेवावी, सकाळी पिळून गाळावी, पाणी घालून १० लिटर करावे व त्यात २० ग्रॅम साबण मिसळावा. हा ५ टक्के अर्क झाला. तो दिवस मावळताना फवारावा, कारण उन्हात त्यातील गुण लवकर नष्ट होतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावा. झाड फुलावर असताना मात्र मधमाश्यांसाठी फवारणी टाळावी.

या उपायांनी कीड एका रात्रीत नाहीशी होणार नाही. ती आटोक्यात येईल. तेवढ्यात ढालकिडे, क्रायसोपा व अतिसूक्ष्म परजीवी माश्या आपले काम करतात. हे काम किती मोठे असू शकते याचे एक उदाहरण देतो. १९३५ साली मेक्सिको देशात काळी माशी आढळली व तिने तेथील लिंबूवर्गीय बागांना ग्रासले. फवारण्यांनी ती हटेना. शेवटी १९४९-५० च्या सुमारास भारत व पाकिस्तान येथून तिचे नैसर्गिक शत्रू असलेले सूक्ष्म परजीवी कीटक नेऊन तेथे सोडण्यात आले, आणि माशी आटोक्यात आली. जे रक्षक इतक्या दूर न्यावे लागले, ते आपल्या झाडावर फुकट राबत असतात. जहाल विष मारले की किडीच्या आधी हे रक्षक मरतात, आणि कीड दुप्पट जोराने परतते.

विष आणि शाळा

येथवर झाडाविषयी झाले. आता मुलांविषयी.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात, गंडामन या गावच्या प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण घेतल्यावर मुले अत्यवस्थ झाली. २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. ज्या घरांतून ती मुले सकाळी शाळेत आली, त्या घरांनी ती विश्वासाने आपल्यासारख्याच शिक्षकांच्या हवाली केली होती.

ही घटना दूरची समजू नये. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या भेटीत मला हात धुण्याच्या जागी कीटकनाशकाची रिकामी बाटली आढळली. तिचा वरचा भाग कापून तिचा तांब्या केला होता. कोणी वाईट हेतूने तो ठेवला नव्हता. बाटली चांगली दिसली म्हणून ठेवली होती. त्या दिवशी मी शेरेबुकात दुसरे काहीच लिहू शकलो नाही.

म्हणून पुढील नियम कोणत्याही सबबीवर मोडू नयेत.

१. शेतातील कीटकनाशक शाळेच्या आवारात आणू नये, साठवू नये व शाळेच्या झाडावर फवारू नये. धान्याच्या व तेलाच्या खोलीत तर मोरचूदही ठेवू नये.

२. औषधाची रिकामी बाटली, डबा वा पिशवी कोणत्याही कामी वापरू नये. मुले घरून अशी बाटली पाण्यासाठी आणतात काय, हे वर्गशिक्षकाने पाहावे.

३. विद्यार्थ्यांकडून फवारणी करवून घेऊ नये, साबणाच्या पाण्याचीही नाही. पाहणे, मोजणे, वेचणे व नोंदविणे ही त्यांची कामे.

४. औषधाच्या वेष्टनावरील त्रिकोणाचा अर्थ मुलांना शिकवावा : लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नव्हे.

मूल ही माहिती घरी नेते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे आपण विसरलेलो नाही. फवारणीस निघालेल्या बापाला “बाबा, तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या दिशेला पाठ करा” असे सांगणारे मूल आपल्या वर्गातून गेले, तर त्या पाठाचे मोल कोणत्याही परीक्षेत मावणार नाही.

वर्गातील योजना

प्रत्येक शाळेने झाडाची एक वही ठेवावी. इयत्ता चौथी व पाचवीच्या मुलांचे गट पाडून दर शनिवारी दहा पाने पाहावीत व चार प्रश्नांची उत्तरे तारखेसह लिहावीत. किती पाने पुसली गेली, किती पानांखाली कीड होती, किती ढालकिडे दिसले, हे आकडे मांडले की गणिताच्या तासाला स्तंभालेख काढता येतो. कोशातून निघालेल्या फुलपाखरावर निबंध लिहिता येतो. गावातील एखाद्या जाणत्या बागवानाला वर्षातून एकदा शाळेत बोलवावे व त्याला मुलांपुढे बोलू द्यावे. मला जे माझ्या पदविकेने शिकविले नाही, ते अशाच एका गृहस्थाने अर्ध्या मिनिटात शिकविले. शंका उरल्यास गावचे कृषी सहायक, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ व नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था ही आपल्याला जवळची ठिकाणे आहेत.

शेवटी एकच सांगावयाचे. वर्गात एखादे मूल अचानक मागे पडते, वहीवर डाग पाडते, गप्प बसते. आपण त्याच्यावर शिक्का मारतो. तेथेही पान एकदा उलटून पाहिले पाहिजे. ज्या हाताने आपण झाडाचे पान पुसून पाहण्याचे शिकतो, तो हात मुलाच्या बाबतीतही घाई करीत नाही.

हे पत्रक वाचून झाल्यावर कृपया बाहेर जावे, आवारातील लिंबाचे एक पान तोडावे आणि ते उलटून पाहावे.